सत्तेचाळिसावी पायरी

मेंटेनन्स रूम, ४ जानेवारी

चिरंजीव सल्लागारसाहेब,

(घरचं नाव फ्यूज. सहाव्या वर्षी माझा टेस्टर प्लगमध्ये खुपसून अख्ख्या घराचा फ्यूज उडवला, तेव्हापासून.)

आज नोटीस बोर्डावर वाचलं की आमच्या खोक्यांच्या कारखान्यात ‘कंट्रोलर भाषा निवड समिती’ स्थापन झाली आहे आणि तिचे बाहेरचे तज्ज्ञ आपण आहात. ऊर भरून आला. सख्ख्या भाच्याची बातमी आत्याला नोटीस बोर्डावरून कळावी, एवढा मोठा झालास.

फोन करत नाही, कारण फोन आम्हाला गेटवर जमा करावे लागतात, आणि घरून केला की तू ‘हो हो, बघतो’ म्हणतोस आणि बघत नाहीस. कागदावरचं नाकारता येत नाही. तूही पत्रच लिही.

तुझी समिती कशी आहे ते सांगते. अध्यक्ष जावईबापू, म्हणजे आमच्या मालकांचे जावई. कारखान्यात येऊन पाच महिने झाले, त्यात तीन आठवडे रजा. मग उत्पादनवाले साहेब, खरेदीवाले, हिशेबवाले आणि मनुष्यबळाच्या बाई. या पाचांपैकी कोणी कंट्रोलरच्या पॅनेलचं दार उघडलेलं मी बावीस वर्षांत पाहिलं नाही. उत्पादनवाल्यांनी एकदा उघडलं होतं, छत्री ठेवायला. मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सची प्रमुख, म्हणून मला ‘विशेष निमंत्रित’ केलंय. चहा मिळेल, मत नाही.

आमच्याकडे तीन प्रेस आहेत. पुठ्ठा आत सरकवायचा, प्रेस खाली येते आणि खोक्याचा आकार कापते. तिने कधी यायचं आणि कधी थांबायचं हे कंट्रोलर ठरवतो, आणि कंट्रोलरला ते मी बावीस वर्षांपूर्वी लॅडरमध्ये शिकवलं. शिडीसारखं चित्र, एकेक पायरी म्हणजे एकेक अट. गार्ड, म्हणजे प्रेसपुढचं संरक्षक झाकण, बंद आहे का, बटण दाबलंय का, असेल तर प्रेस चालू. आमच्या कुठल्याही वायरमनला ते वायरिंगसारखं वाचता येतं. मशीन अडली की स्क्रीनवर बघायचं. जिथपर्यंत हिरवं तिथपर्यंत ठीक, हिरवं संपलं तिथे घोटाळा.

जुना कंट्रोलर बाजारात मिळत नाही, बदलायला हवा, कबूल. पण भाषा बदलायची हौस कोणाला आली आणि का, एवढं तज्ज्ञांनी कळवावं.

तुझी,
आत्या (बिनमताची)


९ जानेवारी

आदरणीय विशेष निमंत्रित आत्या,

पत्र मिळालं. आमच्या ऑफिसात हाताने लिहिलेलं पाकीट आलं म्हणून तीन जण बघायला आले. रिसेप्शनवाल्या बाईंना वाटलं कोणीतरी गेलं.

हौस मला आलेली नाही, मला काम आलंय. आता स्पर्धेत तीन उमेदवार आहेत. एक तुझी लॅडर. दुसरी मजकुराची भाषा, ज्यात चित्र नसतं, ओळीखाली ओळ लिहायची, ‘हे असेल तर ते कर’. गणितं, वेगवेगळ्या खोक्यांची मापं, हे सगळं तिच्यात झकास बसतं. जी गोष्ट लॅडरमध्ये करायला तुला चाळीस पायऱ्या लागतात ती तिथे सहा ओळींत होते. तिसरी, जावईबापूंनी कुठल्याशा तीन दिवसांच्या कोर्सला ऐकलेली, सापाच्या नावाची. ती माझ्या लॅपटॉपवर उत्तम चालते. पण तुझी प्रेस माझा लॅपटॉप नाही, हे मी त्यांना सौम्य शब्दांत सांगणार आहे.

प्रत्येक भाषेला शंभरपैकी गुण द्यायचे ठरलेत. वाचायला सोपी, शिकलेली माणसं मिळणं, भविष्याशी सुसंगत, आणि ‘दिसायला आधुनिक’. शेवटचा रकाना मी घातलेला नाही.

आता खरं बोलू? तुला नवीन भाषा नको आहे कारण ती तुला येत नाही. त्यात लाज काय? तुला निवृत्त व्हायला आठ-नऊ महिने उरलेत. मी दोन दिवस येऊन शिकवतो, तूच तर मला शिकवलंस सगळं. जुना प्रोग्राम मात्र लवकर पाठव, नव्यात उतरवायचाय.

तुझा फ्यूज


मेंटेनन्स रूम, १५ जानेवारी

फ्यूज,

शिकवायला येतो म्हणे. येताना पाटी-पेन्सिलही घेऊन ये.

काल समितीची पहिली बैठक झाली. जावईबापूंनी सापाच्या भाषेवर चाळीस मिनिटं पडद्यावर चित्रं दाखवली. त्यातली पस्तीस रॉकेटची होती. मी विचारलं, प्रेस खाली येत असताना या भाषेला मध्येच विचार करावासा वाटला तर काय? ते म्हणाले, अपडेट येतात. खरेदीवाल्यांनी विचारलं की भाषा एकदाच विकत घ्यायची की दरवर्षी. मनुष्यबळाच्या बाईंनी विचारलं की ही भाषा मातृभाषा असलेले उमेदवार मिळतील का. थट्टा करत नाहीये, कार्यवृत्तात आहे, पान दोन.

मी एकच सूचना मांडली. प्रेसची एक वायर काढून ठेवते, प्रत्येक भाषेत प्रोग्राम लावा, आणि आमच्या वायरमनला दोष शोधायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. सूचना सर्वांना फार आवडली आणि पुढच्या बैठकीवर ढकलली. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ती नाही.

भाषा मला येत नाही म्हणून नको, असं म्हणालास. वाईट वाटलं. मला येण्या-न येण्याचा प्रश्नच नाही, मी जाणारच आहे. तुझी कंपनी मजकुराची भाषा लावून देईल, आणि मग दर बिघाडाला आमच्या लोकांना तुमच्या दारात उभं राहावं लागेल. तुमचं बरंच आहे. प्रेसपुढे उभा राहतो तो मौनी. नंबर दोनचा ऑपरेटर, अख्ख्या शिफ्टमध्ये चार शब्द बोलतो म्हणून मौनी. त्याच्या डाव्या हाताला तीन बोटं आहेत. ती जुनी गोष्ट. त्या माणसासमोरची मशीन कोणालाही वाचता यायला हवी, एवढंच माझं म्हणणं.

सोबत जुना प्रोग्राम, पेन ड्राइव्हवर आणि कागदावर. कागद सांभाळ, प्रिंटर शेवटचा श्वास घेतोय.

आत्या


२४ जानेवारी

प्रिय आत्या,

प्रोग्राम वाचला. दोनशे बारा पायऱ्या, आणि प्रत्येकीपुढे रोमन अक्षरांत मराठी शेरे. माझ्या आयुष्यात इतकं करमणुकीचं तांत्रिक लेखन मी वाचलेलं नाही. पायरी एकोणीस: ‘तात्पुरते’. तारीख चौदा वर्षांपूर्वीची. पायरी एक्क्याऐंशी: ‘हे का चालते माहीत नाही, पण चालते’. पायरी एकशे चार: ‘उत्पादनवाल्यांच्या समाधानासाठी, प्रत्यक्षात काही करत नाही’. ही मी ताबडतोब ओळखली. त्यांच्या टेबलवरचं ‘वेग वाढवा’ बटण ना? दाबलं की दिवा लागतो, बस.

मला लहानपणी ‘प्रत्येक अटीचं कारण लिहावं’ म्हणून कान पिळून शिकवणारी ती हीच का बाई?

एक शंका खरी आहे. पायरी सत्तेचाळीस. प्रेस थांबवून परत चालू केली की बटण दाबल्यावर आधी भोंगा वाजतो, प्रेस चार सेकंद नुसती उभी राहते आणि मग खाली येते. मूळ ड्रॉइंगमध्ये हे नाही. गार्डचा स्विच वेगळा आहे, आणीबाणीचं बटण वेगळं आहे, म्हणजे सुरक्षेची सोय झालेलीच आहे. मग हे चार सेकंद कशासाठी? शेरा फक्त दोन शब्दांचा: ‘राहू द्या’. उत्पादनवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे प्रेस शिफ्टमध्ये साठ-सत्तर वेळा थांबते, म्हणजे रोज चार-पाच मिनिटं भोंगा ऐकण्यात जातात. ते हे काढायला फार उत्सुक आहेत.

कारण कळव. असेल तर ठेवतो.

फ्यूज


मेंटेनन्स रूम, २८ जानेवारी

सल्लागारसाहेब,

‘राहू द्या’ याचा अर्थ राहू द्या. नव्या भाषांच्या नादात जुनी विसरलास वाटतं.

उत्पादनवाले उत्सुक आहेत हे वाचून मजा वाटली. त्यांना म्हणावं, आपण उत्सुक असण्याचा अनुभव आम्ही पूर्वी घेतलेला आहे.

जास्त लिहायला वेळ नाही. नंबर तीनचा कॉन्टॅक्टर जळलाय.

आत्या


१२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

निकाल लागला. मजकुराची भाषा त्र्याहत्तर, लॅडर एक्काहत्तर. साप बाद. ‘दिसायला आधुनिक’मध्ये तुझ्या शिडीला दहापैकी दोन मिळाले, त्यातला एक माझा. रागावू नकोस, मी मनापासून सांगतो, भाषा चांगली आहे. दोनशे बारा पायऱ्यांचं मी अकरा पानांत आणलंय.

आणि तुझे आभार कसे मानू? मला वाटलं होतं तू त्या अकरा पानांवरून महिनाभर मला टोमण्यांवर जगवशील. पण तुझी प्रत दोनच दिवसांत परत आली, ‘वाचले, मान्य’ आणि खाली सही. समितीतल्या पाच जणांनी न वाचता सही करायला नऊ दिवस घेतले. तू दोन दिवसांत अकरा पानं वाचलीस! म्हणजे भाषा वाचता येत नाही वगैरे सगळं ढोंगच होतं तर.

पायरी सत्तेचाळीसचं म्हणशील तर पान सातवर लिहिलंच होतं, ‘ज्यांचं कारण उपलब्ध नाही अशा जुन्या अटी वगळल्या आहेत’. तू हरकत घेतली नाहीस, तेव्हा तो विषय संपला असं मी धरलं.

ट्रायल वीस तारखेला, नंबर दोनवर. मी सकाळी असेन. जावईबापू फोटोग्राफर आणणार आहेत.

फ्यूज


मेंटेनन्स रूम, २२ फेब्रुवारी

फ्यूज,

परवा तू बाराच्या गाडीने गेलास. फोटो छान आले आहेत, बोर्डावर लावलेत. तू, जावईबापू आणि प्रेस. प्रेसही हसल्यासारखी वाटते.

पुढचं तीन वाजता झालं. ते फोटोत नाही.

प्रेस पुठ्ठा अडकून थांबली. मौनीने गार्ड उचलला, कातरण काढलं, गार्ड लावला. उजव्या हाताने बटण दाबलं आणि डावा हात गार्डखाली पुठ्ठा सरकवायला ठेवलेल्या फटीत घालून पुठ्ठ्याची कड सरळ करायला लागला. रोज तसंच करतो. भोंगा वाजत असतो तेवढ्या वेळात कड सरळ होते आणि हात बाहेर येतो. हे मॅन्युअलमध्ये नाही, कोणी शिकवलेलं नाही, अकरा वर्षांत त्याच्या हाताला लागलेलं वळण आहे. तुला ते माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं, आणि मी त्या प्रेसपासून वीस पावलांवर बसते.

भोंगा वाजला नाही. प्रेस सरळ खाली आली.

त्याच्या हातमोज्याची दोन बोटं कापली गेली. शेवटची दोन. ती रिकामीच होती, कारण त्या जागी त्याला बोटं नाहीत. तो हात बाहेर काढून हातमोज्याकडे बघत राहिला. मी धावत गेले आणि आणीबाणीचं बटण दाबलं.

नंबर दोन मी बंद केली आहे. जावईबापूंनी ‘किरकोळ साहित्याचे नुकसान’ अशी नोंद करायला सांगितली. साहित्य म्हणजे एक हातमोजा.

तुझ्यावर ओरडण्यासाठी मी तीन कागद फाडले. पण तुझ्या अकरा पानांवर माझी सही आहे. ती भाषा मला वाचता येत नाही. तू म्हणाला होतास तेच खरं होतं, आणि ते तुझ्यापुढे कबूल करायला नको म्हणून मी पहिलं पान उघडलं, शेवटच्या पानावर ‘वाचले’ लिहिलं आणि तुला दाखवून दिलं. चांगलंच दाखवलं.

आत्या


२४ फेब्रुवारी

आत्या,

पत्र ऑफिसात उभ्याने वाचलं आणि मग खाली बसलो.

ज्या अटीचं कारण कळत नाही ती काढायची नसते, विचारत राहायचं असतं. तू मला दहावीच्या सुट्टीत हे शिकवलं होतंस. मी एकदा विचारलं, तू फटकारलंस, मला राग आला. मनात म्हटलं, नाही सांगत तर गेलं उडत. उत्पादनवाले खूश होणार होते, माझी पानं कमी होणार होती. मौनीकाका माझ्या डोक्यातही आले नाहीत. मी समितीला लिहून कळवलंय की चूक माझी आहे आणि नोंद ‘हातमोजा’ अशी होऊ देणार नाही.

चार सेकंद आणि भोंगा परत घातलेत, सोबत पाठवतोय. पण तू आता मला कारण सांगणार आहेस. त्या ओळीपुढे काय लिहू? परत ‘राहू द्या’? पाच वर्षांनी माझ्यासारखाच एखादा शहाणा येईल आणि परत काढेल.

ही अट अकरा वर्षांपूर्वी घातलेली आहे, फाइलवर तारीख आहे. मौनीकाकांची बोटंही अकरा वर्षांपूर्वी गेली, हे मी ट्रायलच्या दिवशी फोटोग्राफर फोटो काढत असताना त्यांनाच विचारलं होतं. मी आता दोन आणि दोन चार करतोय आणि मला ते करायला आवडत नाहीये.

फ्यूज


घर, १ मार्च

फ्यूज,

हे मेंटेनन्स रूममध्ये बसून लिहिता आलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी नंबर दोनच्या गार्डचा स्विच बिघडला. गार्ड बंद असला तरी स्विचला तो उघडाच वाटायचा आणि प्रेस चालू होईना. नवा स्विच दुसऱ्या दिवशी येणार होता. उत्पादनवाले साहेब तेव्हाही उत्पादनवालेच होते, तेव्हाही उत्सुकच होते. माझ्या डोक्यावर उभे राहून म्हणाले, कसंही कर पण चालू कर. मी स्विचच्या दोन टोकांमध्ये एक वायर टाकली. लाल, वीतभर. आता गार्ड उघडा असो की बंद, कंट्रोलरला तो बंदच दिसणार. आजच्यापुरतं, म्हटलं. शेरा लिहिला नाही, पाटी लावली नाही, पुढच्या शिफ्टला सांगितलं नाही. त्या दिवशी तुझ्या बाबांना, म्हणजे दादाला, बरं नव्हतं, मी घाईने घरी आले. हे कारण म्हणून सांगत नाही. मी विसरले.

सकाळी मौनीने गार्ड उचलला आणि हात आत घातला. गार्ड उघडा असताना प्रेस हलत नाही हे त्याला माहीत होतं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

लोक त्याला घेऊन दवाखान्यात गेले आणि मी पॅनेल उघडून ती वायर काढली. नवा स्विच बसवला. दुपारी चौकशीवाले आले, त्यांनी स्विच तपासला, उत्तम चालत होता. निष्कर्ष निघाला, ‘ऑपरेटरचा बेसावधपणा’. उत्पादनवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनीही चहा घेतला.

पुढच्या आठवड्यात मी कोणाला न विचारता सत्तेचाळिसावी पायरी घातली. निदान यापुढे हात आत असेल तर भोंगा वाजेल, काढायला चार सेकंद मिळतील. कारण लिहायचं तर वायर लिहावी लागली असती. म्हणून ‘राहू द्या’. वर मीच बैठकीत ठणकावून सांगत होते की मशीन कोणालाही वाचता यायला हवी!

‘बेसावध’ हा शेरा त्याच्या फाइलमध्ये लाल शाईने आहे. त्याच्यामुळे त्याला तीनदा फोरमनपद नाकारलं. त्याच्या हाताखाली शिकलेले दोघे आज त्याचे फोरमन आहेत. तिन्ही वेळा मी त्या यादीवर सही केली. सही करण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

सोमवारी मालकांकडे जाते आहे. ती लाल वायर माझ्या टूलबॉक्सच्या तळाशी अजून आहे, ती बरोबर नेईन. मला माझ्या उरलेल्या महिन्यांचं काही नाही, मौनीच्या फाइलमधली ती ओळ जायला हवी.

शेरा असा लिही: ‘अकरा वर्षांपूर्वी मेंटेनन्स प्रमुखाने गार्डचा स्विच वायर टाकून निकामी केला आणि कोणाला सांगितले नाही. त्यात नंबर दोनच्या ऑपरेटरची दोन बोटे गेली. ऑपरेटरची चूक नव्हती. म्हणून भोंगा व चार सेकंद. काढू नये.’

आत्या


६ मार्च

आत्या,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तुला बरं वाटावं म्हणून काही लिहीत नाही. मला तुझा राग आला आहे, आणि तो एका पत्राने जाणार नाही. लहानपणी मी फ्यूज उडवला तेव्हा ‘कोणी केलं ते आधी सांग, मग अंधाराचं बघू’ असं तू म्हणाली होतीस. मी सांगितलं होतं, आत्या. सहा वर्षांचा होतो.

पण तू जाते आहेस हे चांगलं आहे. मी सोबत येऊ का असं विचारणार होतो, पण पत्र पोचेपर्यंत तू जाऊन आलेली असशील.

आता माझीही एक कबुली. या नव्या कंट्रोलरमध्ये दोन्ही भाषा एकत्र चालतात. सुरक्षेच्या अटी लॅडरमध्ये, मापं-गणितं मजकुरात, एकाच डब्यात, एकमेकींशी न भांडता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण समितीचा ठराव होता ‘एक भाषा निवडावी’, आणि मी म्हटलं, यांना एक विजेता हवा आहे तर देऊ. दोन महिने, पाच बैठका आणि चार रकान्यांचे गुण, मुळात नसलेल्या प्रश्नावर. कोणी मला विचारलं असतं तर सांगितलं असतं असं म्हणणार होतो, पण तू पहिल्याच पत्रात विचारलं होतंस.

काल मी समितीला विचारलं नाही, कळवलं. गार्ड, बटणं, भोंगा, सगळं लॅडरमध्ये परत केलंय. आता शेरे देवनागरीत लिहिता येतात. सत्तेचाळिसावी पायरी सत्तेचाळिसावीच ठेवली आहे. तुझा शेरा अक्षरशः तसाच आहे, फक्त शेवटी एक ओळ वाढवली: ‘एकदा सल्लागाराने काढली होती, तेव्हा हातमोजा कापला गेला.’

फ्यूज


मेंटेनन्स रूम, १४ मार्च

फ्यूज,

तुझा राग राहू दे. माझाही माझ्यावरचा गेलेला नाही.

मालकांनी वायर हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, ही आतापर्यंत का जपून ठेवलीत? प्रमुखपद काढून घेतलं. निवृत्तीपर्यंत साधी वायरमन म्हणून राहीन, आणि खरं सांगू, स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन बरं वाटतंय. उत्पादनवाल्यांना तो प्रसंग अजिबात आठवत नाही. त्यांना फक्त छत्री आठवते. जावईबापूंनी ‘सुरक्षा संस्कृती समिती’ काढली आहे, अध्यक्ष तेच.

मौनीच्या फाइलमधली लाल ओळ मालकांनी माझ्यासमोर खोडली, खाली सही करून. फोरमनपदाचं पुढच्या महिन्यात ठरेल. ठरलं नाही तर मी परत जाईन, आता मला घालवण्यासारखं काही उरलेलं नाही.

सोमवारीच मी त्याला सगळं सांगितलं होतं, प्रेसपाशी उभी राहून. त्याने ऐकून घेतलं आणि पुठ्ठ्याचा गठ्ठा सोडवायला लागला. आठवडाभर माझ्याकडे बघितलंही नाही. मी काही अपेक्षा केलीही नव्हती.

काल तुझा नवा प्रोग्राम नंबर दोनवर चढवला. स्क्रीनवर सत्तेचाळिसावी पायरी उघडून मी तपासत होते, तर मागे कोणीतरी उभं आहे असं वाटलं. मौनी. त्याने मला हाताने बाजूला व्हायला सांगितलं आणि शेरा वाचला. मराठीत होता, मोठ्या अक्षरांत होता, त्याला सावकाश वाचायची सवय आहे. ‘ऑपरेटरची चूक नव्हती’ ही ओळ त्याने दोनदा वाचली. मग त्याने त्या पायरीवरचा चारचा आकडा बोटाने दाखवला.

“चार कमी पडतात,” तो म्हणाला. “तीन बोटांनी कड सरळ करायला वेळ लागतो. सहा करा.”

मी म्हटलं, अरे, अकरा वर्षं सांगितलं का नाहीस?

“भोंगा माझ्यासाठी आहे हे कोणी सांगितलं होतं?”

त्या फटीला जाळी बसवायची आहे, म्हणजे हात आत जाणारच नाही. खरेदीवाल्यांनी तीन दरपत्रकं मागवली आहेत, तेव्हा महिनाभर तरी धरून चाल. तोवरसाठी मी सहा केले, शेऱ्यातही सहा लिहिलं, आणि कारणही लिहिलं, त्याच्याच शब्दांत. मग आम्ही एकदा चालवून पाहिलं. त्याने बटण दाबलं, भोंगा वाजला, त्याने कड सरळ केली. मी मोठ्याने मोजत होते. पाचाला त्याचा हात बाहेर होता.

तुझी,
आत्या